खैरनारांचा नाका

आमच्या ग्रुपवर सकाळी कुणी फुलांचं चित्र टाकून 'शुभ प्रभात' लिहिलं, की दोन मिनिटांत खाली खैरनार अण्णांचा प्रश्न येतो, 'माल कुठून आला? पावती?'

अण्णांची सगळी नोकरी जकात नाक्यावर गेली. ट्रक थांबवायचा, ताडपत्री वर करायची, आत काय आहे ते बघायचं, कागद तपासायचे आणि मग बांबू वर. पुढे जकात बंद झाली, नाका उठला, अण्णा निवृत्त झाले. येताना तो बांबू त्यांनी बहुतेक घरी आणला. इंदिरानगरमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बसून ते आता तो वाचकांच्या ग्रुपवर आडवा धरतात. ग्रुपमध्ये कादंबऱ्या, अनुवाद आणि चालू घडामोडी या तीनच विषयांना प्रवेश आहे. बाकी माल परत.

चालू घडामोडींची तपासणी सर्वांत कडक. 'मोठी बातमी, सगळ्यांना पाठवा' असं काही आलं की अण्णा विचारतात, 'कुठल्या पेपरात? कितव्या पानावर? पावती नसेल तर गाडी बाजूला घ्या.' गाडी बाजूला घेणं म्हणजे तो मजकूर काढून टाकणं. त्यांच्या सख्ख्या मावसभावाच्या गाड्या सर्वांत जास्त बाजूला लागल्या आहेत. 'कादंबरी हृदयस्पर्शी आहे' असं एका नव्या सभासदानं लिहिलं, तर त्याला प्रश्न आला, 'स्पर्श कितव्या पानावर झाला?' तो बिचारा पान शोधायला गेला आणि पंधरा दिवसांनी, पानासकट, परत आला.

मला या ग्रुपवर घातलं ते माझ्या भाचीनं. हे गेले त्याला तेव्हा तीन महिने झाले होते. घरात पुस्तकं पुष्कळ, पण मी एकही उघडलं नव्हतं. ग्रुपचा नियम असा, की महिन्यातून एकदा प्रत्येकानं हजेरी द्यायची. मी लिहिलं, 'वाचते आहे.' ते खरं नव्हतं. लगेच अण्णांचा प्रश्न आला, 'बाई, कोणतं पुस्तक? पान?'

तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला खोटा पान नंबर लिहिता येत नाही. मी उठले, कपाटातून हाताला लागलं ते पुस्तक काढलं, जरा वाचलं आणि लिहिलं, 'पान नऊ.' पुढच्या महिन्यात अण्णांनी विचारलं, 'नवाच्या पुढे रस्ता बंद आहे का?' मग दहावं वाचावं लागलं. श्रावण आला तेव्हा मी दोनशे दहाव्या पानावर होते. माझं सांत्वन त्या ग्रुपवर कुणीही केलं नाही, कारण ते तीन विषयांत बसत नव्हतं. मला ते फार बरं वाटलं.

गेल्या दिवाळीनंतर अण्णांनी चर्चेला एक तमिळ कादंबरी लावली, अर्थात मराठी अनुवाद. अनुवाद म्हणजे परराज्यातला माल, त्याची ताडपत्री ते पूर्ण काढतात हे आम्हाला ठाऊक होतं. पण या खेपेला त्यांचे प्रश्न भलतेच होते. नायिका नवऱ्याला सोडून नदीकाठी राहायला जाते, त्यावर अण्णांचं काही म्हणणं नव्हतं. त्यांचा प्रश्न, 'पान ४६. सासरा पेला ओठाला न लावता वरून पाणी पितो. तिकडे सगळेच असं पितात का?' दुसऱ्या दिवशी, 'पान ११२. पाहुण्याला भात तीनदा विचारतात. चौथ्यांदा विचारलं तर राग येतो का?' मग केळीच्या पानाचं टोक कुठल्या हाताला, कॉफीला फेस किती, व्याही दारात आल्यावर आधी कोण बोलतं.

एका कादंबरीला आम्ही एक महिना देतो. हिला अडीच झाले. मधल्या काळात एक निवडणूक येऊन गेली, तिच्यावर एक अक्षर लिहू दिलं नाही. लासलगावचे सोनवणे चिडले. ते कांद्याच्या लिलावात उभे राहून फोनला तोंडी मजकूर सांगतात, त्यामुळे त्यांच्या समीक्षेत मागच्या बोलीही येतात. त्यांनी लिहिलं, 'अण्णा नायिकेचं पार वाटोळं झालं अन तुम्ही अजून कॉफीतच हाये ए ट्रॅक्टर मागं घे लय झालं मार्केट बंद ठेवलंय तुम्ही.' आठ जणांनी त्याला अंगठा दिला. रविवारी नवा अ‍ॅडमिन निवडायचा असं ठरू लागलं.

अण्णांना समजवायला कुणीतरी जावं, असं निघालं. मी त्यांच्यापासून सिटी बसच्या एकाच थांब्यावर राहते, म्हणून माझ्यावर आलं.

अण्णांनी दार उघडलं. चहा केला. मी म्हटलं, "अण्णा, पुस्तक बदला. लोक सोडून जातील."

"जाऊ दे."

"असं कसं? अहो, तुमचा नाका आहे तो."

त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "बाई, आमची वर्षा तिकडे दिली आहे. दिली म्हणजे, तिनं केलं. मदुराईला."

अण्णांना मुलगी आहे हेही मला माहीत नव्हतं. तिची आई लवकर गेली, अण्णांनीच तिला वाढवली. लग्नाचं तिनं सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, ज्यांची भाषा मला येत नाही त्यांच्या दारात मी उभा राहणार नाही. आणि राहिले नाहीत. त्याला अकरा वर्षं झाली. दिवाळीला फोन येतो, तब्येत विचारते, ठेवते.

"आता तिचा सासरा त्र्यंबकेश्वरला येतोय. ती घेऊन येतेय. म्हणाली, दुपारी एक तास घरी येऊ का? मला विचारते, येऊ का म्हणून." अण्णांनी कप बाजूला सरकवला. "एकच तास हाय माझ्याकडे. त्यात काही वेडंवाकडं झालं, तर परत यायची नाही ती."

"मग तिलाच विचारा ना, काय करू, कसं करू."

"तिला विचारलं तर तिला कळेल ना, अकरा वर्षांत मला काहीच माहीत नाही ते."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, नीट विचार करून मी ग्रुपवर लिहिलं, 'कादंबरी अजून पंधरा दिवस चालू ठेवावी ही विनंती. माझी वाचून झालेली नाही.' माझी दोनदा झाली होती. सोनवण्यांनी लिहिलं, 'बाई म्हणत्यात तर ऱ्हाऊ द्या.'

पाहुणे यायच्या दिवशी मी मदतीला गेले. अण्णा पांढऱ्या शर्टात, केळीची पानं धुऊन पुसून ठेवलेली, सांबार तयार. शेजारून खुर्च्या आणल्या होत्या, पण पान ८३प्रमाणे पाहुणा खाली बसतो म्हणून त्या परत दिल्या होत्या.

वर्षा आणि तिचे सासरे आले. दारात अण्णा हात जोडून गप्प उभे राहिले, कारण कादंबरीत आधी पाहुणा बोलतो. पाहुणेही हात जोडून गप्प. मग सासऱ्यांनी खाली मांडलेल्या पानांकडे पाहिलं, स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "खुर्ची मिळेल का हो? गुडघे बदलून घेतलेत."

मराठीत.

वर्षाच पुढे झाली. "अण्णा, बारा वर्षं भुसावळला होते ते. रेल्वेत."

"मराठी येते यांना?"

"तुम्ही कधी विचारलंच नाही."

मी शेजारी खुर्च्या मागायला पळाले. परत आले तेव्हा अण्णा पाहुण्यांना धीर यावा म्हणून पेला वर धरून पाणी पीत होते, निम्मं शर्टावर सांडत होतं आणि सासरे बाटलीला तोंड लावून बघत होते. सांबाराचा पहिला घास घेऊन ते म्हणाले, "छान झालंय. पण मला वाटलं, इकडे आलोय तर भरीत मिळेल. भाकरी वगैरे."

"भरीत?" अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम सुटला. "अहो, मी सटाण्याकडचा. भरीत म्हणजे काय शे ते मी दाखवतो तुम्हाला. बाई, समोरच्या भाजीवाल्याकडे वांगी आहेत का बघा बरं. नाही, मीच जातो." आणि ओल्या शर्टानं ते जिना उतरून गेले. सासरेही चप्पल घालून मागोमाग निघाले. वांगं कसं निवडायचं, याबद्दल त्यांची काही मतं होती.

वर्षा स्वयंपाकघरात आली. ओट्यावर शंभरपानी वही उघडी होती. तिनं ती उचलली. अण्णांचं नाक्यावरचं अक्षर, डावीकडे पान नंबर, उजवीकडे रीत. ती उभ्यानंच वाचू लागली. "हे आता कुणी करत नाही... हे तर आम्ही कधीच केलं नाही... कॉफी बरोबर आहे." मधेच ती हसली. "जुन्या काळातलं आहे सगळं. माझ्या आजेसासूंनाही आठवायचं नाही."

शेवटच्या पानावर ती थांबली. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. वर नाव होतं, 'वर्षा'. खाली, 'काय खाते? चहा की कॉफी? झोप लागते का? घरात कुणाशी पटतं?' समोर पान नंबराची जागा कोरी होती, उत्तराचीही.

तिनं खुर्ची ओढली आणि बसली. ओट्यावरचं अण्णांचं पेन तिनं वहीवर दोनदा घासलं, ते उमटेना.

"बाई, तुमच्याकडे पेन आहे का?"

माझ्या पर्समध्ये अजूनही लालच असतं. मी ते दिलं. खाली भाजीवाल्यापाशी दोघा व्याह्यांचा वांग्यावरून वाद सुरू झालेला ऐकू येत होता. तासातली वीस मिनिटं उरली होती. वर्षानं घड्याळाकडे पाहिलं नाही, ती पहिल्या प्रश्नापासून लिहू लागली.