कॅमेऱ्याची तीट

आगरदांड्याच्या बंदरावर कुणालाही विचारा, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर माझ्या ताटातली सुरमई मांजरानं न्यावी.

नारळी पुनवेला दर्याला सोनेरी नारळ वाहायचा मान यंदा हिरामणच्या घरी आला होता. पुन्हा पाळी यायची ती नातवंडांच्या म्हातारपणी. त्याचा एक तरी धड फोटो भिंतीवर लागावा, एवढीच त्याच्या बायकोची, सोनूबाईची, इच्छा. अडचण होती शेजारच्या बाबाजीची. फोटोचा नुसता वास आला की हा हजर. सोनूबाईच्या लग्नाच्या फोटोतही नवऱ्याच्या डाव्या हाताला बाबाजी, आणि नवरी त्याच्या खांद्याआड.

नातू निकेतनं त्यासाठी नवा कॅमेरा आणला. सकाळीच बॅटरी चार्ज केली, कार्ड रिकामं केलं, संध्याकाळच्या उजेडाचं सेटिंग लावलं, भिंग मऊ फडक्यानं पुसलं आणि आजीला बजावलं, याला हात लावायचा नाही.

दुपारभर आळीतली माणसं कॅमेरा बघून गेली. बाबाजी तर दोनदा आला. एवढ्या नजरा लागल्यावर सोनूबाईला राहवेना. तान्ह्या पोराला लावतात तशी काजळाची तीट लावावी, तर मेल्याचं अंग आधीच काळं. मग झाकण काढल्यावर तिला ती गोल काच दिसली. काचेच्या एका कडेला तिनं ठसठशीत तीट लावली आणि झाकण परत बसवलं.

संध्याकाळी बंदरावर बेंजो वाजायला लागला, बायका नाचायला लागल्या. निकेत धडाधड फोटो काढत सुटला. पडद्यावर जरा काळं दिसलं, त्याला वाटलं अंधार पडतोय.

घरी येऊन टीव्हीवर फोटो लावले. हिरामण, नारळ, दर्या, सगळं झकास. डाव्या हाताला बाबाजीचा इस्त्रीचा सदरा, आणि डोकं असायला हवं तिथं काळा गोळा. पुढच्या फोटोतही तेच. त्याच्या पुढच्यातही.

निकेत रडकुंडीला आला. "आजी, काय केलंस तू?"

"तीट लावली रं. नजर लागू न्हाय म्हनून."

"भिंगावर?"

"मंग कुठं लावू? त्याला गाल हाय का?"

बाबाजी टीव्ही बोटानं घासून बघत होता. "यो मीच हाय ना?"

"कोन जाने," हिरामण म्हणाला आणि पोट धरून हसला. "निकेत, ह्योच मोठा करून आन."

तो फोटो आज भिंतीवर आहे. एक गोष्ट तेवढी मी पदरची घातली. तीट कुठं लावायची, असा प्रश्न सोनूबाईला पडलाच नव्हता. बाबाजी फोटोत कुठल्या बाजूनं घुसतो, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं.