मशरूमवर कडक नजर

"सहा महिन्यांत बघ, या घरातून टेम्पो भरभरून मशरूम बाहेर पडतील!" तपासनीससाहेबांनी बायकोला ठणकावून सांगितलं. साहेबांनी बावीस वर्षं कारखान्यात दर तासाला बरण्यांची झाकणं तपासली होती. कारखाना बंद पडला आणि माणूस घरी बसला. आता सासूबाई राहायला असलेल्या घरात जावयाने दिवसभर घरी बसणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक! त्यामुळे हा धंदा जमायलाच हवा होता.

कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्या बाई रोजचा चोथा फुकट द्यायला तयार झाल्या. "तीन आठवड्यांनी येऊन बघते. पीक चांगलं आलं तर दर आठवड्याला सगळं मीच घेईन," असंही म्हणाल्या. साहेबांनी चोथ्यात मशरूमचं बियाणं कालवून आठ पिशव्या भरल्या आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत टांगल्या. आत पांढरी बुरशी पसरली की काम फत्ते. तोवर पिशवी उघडायची नाही, असं बियाणंवाल्याने तीनदा बजावलं होतं.

पण जित्याची खोड! दर तासाला साहेब सगळ्या गाठी सोडायचे, आत नाक खुपसायचे, बोटाने दाबून बघायचे.

"अहो, नका ना उघडू!" बायको कळवळायची.

"मग काय न बघता माल पास करू?"

दुसऱ्याच दिवशी आठवी पिशवी गायब झाली. ती दारातच टांगलेली होती आणि सासूबाईंच्या डोक्याला दोनदा लागली होती. फेकली असणार! पण विचारायची छाती कोणाची?

तिसऱ्या आठवड्यात उरलेल्या साती पिशव्या हिरव्यागार पडल्या. हिरवी म्हणजे नासलेली. आणि बाई तर ठरल्या दिवशी दारात हजर!

"दिवा नको हं," साहेब घाईघाईने म्हणाले. "मशरूम लाजाळू असतात."

बाईंनी मोबाइलचा उजेड पाडला, एका पिशवीत बोट घातलं. "पालक लावलाय का?"

साहेबांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई हात धुवायला न्हाणीघरात गेल्या आणि आतून किंकाळी आली, "अगं बाई!"

सगळे धावले. कपडे धुण्याच्या मशीनमागे कोंबलेली आठवी पिशवी फाटली होती आणि फटीतून ताटाएवढा, पांढराशुभ्र, टवटवीत मशरूमचा घोस बाहेर आला होता!

"मीच ठेवली," सासूबाई म्हणाल्या. "सारखी डोक्याला लागत होती."

"आजी, काय केलंत तुम्ही हिला?" बाईंचे डोळे चमकले.

"काही नाही बाई. मला काय दुसरी कामं नाहीत?"

"अगदी हेच हवंय! ठरलं, दर आठवड्याला माल माझा. पण पिशव्या आजींच्या ताब्यात."

साहेबांनी तोंड उघडलं, बायकोने कोपर मारलं, ते मिटलं. पण खरं सांगायचं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. धंदा उभा राहिला होता!

पहिली भरलेली टोपली साहेब छाती पुढे काढून स्वतः घेऊन गेले. बाईंनी दार उघडलं, टोपली हातात घेतली आणि साहेबांच्या खांद्यावरून मागे बघत विचारलं, "हे काय, मालकीण आजी नाही आल्या?"