दिनूभावजींचे उंदीर

दिनूभावजी कुणाला "कसे आहात?" असं विचारतच नसत. त्यांचा पहिला प्रश्न, "लघवी साफ होते ना?" तिरल्याच्या एका लग्नात, ऐन वरमाळेच्या वेळी, त्यांनी तो नवरदेवाच्या वडिलांना विचारला. ते गृहस्थ म्हणाले, "भिया, पहले फेरे तो हो जाने दो!"

दिनूभावजी म्हणजे माझ्या यजमानांचे धाकटे चुलतभाऊ. मूत्रपिंडाचे डॉक्टर. देवासला सकाळी रुग्ण, दुपारी प्रयोगशाळेत उंदीर. लग्न केलं नाही. धारला आमच्याकडे जेवायला आले की पानातली वाटी म्हणजे मूत्रपिंड.

"वहिनी, रक्त कमी पोचलं की हे जखमी होतं. मग शरीराची फौज मदतीला धावते आणि तीच घर लुटते. आपलेच शिपाई!"

तोवर मूत्रपिंडातली आमटी गार.

"मग अडव की त्यांना," हे म्हणायचे.

"उंदरांत अडवतो ना, दादा! वाचतात पठ्ठे."

मागच्या वैशाखात हे टोंकखुर्दला शेत बघायला गेले. उन्हात उलट्या-जुलाब सुरू झाले, त्यात अंग दुखतं म्हणून दुकानातल्या गोळ्या घेतल्या. लघवी बंद झाली. देवासला नेलं. भावजींनी डायलिसिस लावलं आणि खाटेशी बसून राहिले. व्याख्यान नाही, काही नाही. मीच त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"भावजी, ते उंदरांचं औषध द्या ना ह्यांना."

त्यांनी चष्मा काढला. "उंदराला ते मी इजेच्या आधी देतो, वहिनी. माणूस इजा झाल्यावर येतो. नंतर देऊन उपयोग होत नाही. नंतरही लागू पडेल असा उपाय तर शोधतोय इतकी वर्षं."

हे गेले.

तेराव्याला भावजी आले नाहीत. नातलग बोलायचं ते बोलले. पुढे एका दुपारी पाहिलं तर फाटकाबाहेर गाडीत नुसते बसलेले.

"आत या."

"कोणत्या तोंडानं येऊ?"

हाताला धरून आणलं. पाण्याचा पेला त्यांनी नुसताच धरून ठेवला.

"दादानं विचारलं होतं, 'दिन्या, तुझे उंदीर वाचतात ना? मग मीपण वाचेन.' मी हो म्हणालो, वहिनी. खोटं बोललो."

"बरं केलंत. त्यानंतर त्यांना शांत झोप लागली होती."

त्यांनी पेला एका दमात रिकामा केला. मग म्हणाले, "थोडा वेळ इथं पडू का? घरी डोळाच लागत नाही."

दिवाणावर बुटांसकट कलंडले. मी बूट काढले, लेकीला खुणेनं टीव्ही बंद करायला सांगितलं आणि संध्याकाळच्या भाताला मूठभर तांदूळ जास्त घेतले.