जर्मनीपासून पाळण्यापर्यंत

खंडोजीअण्णांना नुसतं 'हो' चालत नाही. काय ऐकलं ते परत सांगावं लागतं. इंदिरानगरला आमच्या ऑफिसखालच्या टपरीवर ते चहा सांगतात आणि तिथून हलत नाहीत.

"सरी अण्णा," चहावाला म्हणतो.

"सरी काय? काय पोचलं ते सांग."

"दोन चहा, एक बिनसाखरेचा."

"आता सरी."

अण्णा आमच्या ऑफिसचं नेटवर्क सांभाळतात आणि मी त्यांच्या हाताखाली. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं. मराठी बोलताना मध्येच कन्नड डोकावतं; 'ठीक'ला 'सरी', 'जरा'ला 'स्वल्प'. मी सांगोल्याकडची. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि न कळलेलं कळलं म्हणायची मला सवय नाही. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "अण्णा, फाइल इथून तिथे जाते, म्हणजे नेमकं काय जातं?"

अण्णा खुलले. "स्वल्प थांब. वऱ्हाड एका गाडीत मावतं का? नाही. मग रिक्षा करायच्या. प्रत्येक रिक्षाला नंबर आणि हॉलचा पत्ता. कुणी कोरमंगल्यावरून येईल, कुणी आणखी कुठून. पुढेमागे पोचतील. हॉलवरचा माणूस त्यांना नंबरानं बसवतो आणि आपल्याला कळवतो, मामा पोचले. नाही कळवलं, तर मामा पुन्हा पाठवायचे."

"आणि पहिले मामा नुसतेच उशिरा आले तर?"

"नंबर तोच ना? दुसऱ्या मामांना दारातूनच परत. आता सांग, काय पोचलं?"

मी सांगितलं. डेटाचे तुकडे कसे जातात हे मला आजही मामांशिवाय आठवत नाही.

व्हिडिओ कॉलवर मात्र त्यांचा राग. "तिथे हरवलेला तुकडा परत मागवायला वेळच नसतो. मामा गेले तर गेले!"

आणि नेमका त्याच व्हिडिओ कॉलनं त्यांचा जीव टांगणीला लावला. नातीचं बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचं आत्यानं, आणि आत्या, म्हणजे अण्णांची मुलगी सुलू, जर्मनीत. नोकरी नवी, रजा नाही. नाव निवडायचंही तिच्यावरच सोडलेलं, त्यामुळे इथे कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

"रेकॉर्ड करून पाठवू दे. फाइल सबंध येते," अण्णा म्हणाले.

त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणतो. त्या कडाडल्या, "अहो, आत्या आहे ती, स्टेशनवरची घोषणा नाही! समोर बोलेल."

"आणि अर्धंच नाव पोचलं तर?"

"अर्ध्या नावानं हाक मारू!"

बारशाला गेले तर अण्णा दारातच उभे. हळदीकुंकू नंतर, आधी फोन. "सुनंदा, वायफाय बंद कर. काय पोचलं?"

"वायफाय बंद."

आत राउटरपासून पाळण्यापर्यंत लांबलचक केबल, पाळण्याशेजारी लॅपटॉप. सुलू दिसली, "बाबा, मी—" म्हणाली आणि तोंड उघडं ठेवून गोठली.

"व्हिडिओ कोण बघतंय?" अण्णा गरजले. स्वयंपाकघरातून अण्णांचे मेहुणे निघाले, हातातल्या फोनवर क्रिकेट. बायकांनी त्यांचं वायफाय बंद करून त्यांना मॅचसकट गॅलरीत घालवलं.

सुलू पुन्हा हलू लागली. अण्णांनी हेडफोन हळूच बाळाच्या कानाशी धरला. पडद्यावर सुलूचे ओठ हलले. नाव फक्त बाळानं ऐकलं.

"पोचलं का गं, पुट्टी?" अण्णांनी वाकून विचारलं.

बाळानं जांभई दिली. आयुष्यात पहिल्यांदा अण्णांनी एवढ्यावर भागवून घेतलं.

मग हेडफोन काढला आणि सुलूनं मोठ्यानं सांगितलं, "इरावती!" आता बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. पण पाठ जर्मनीत. बायका हात उगारून थांबल्या, तर अण्णाच पाठ करून बसले. "माझ्यावर मारा. पुढे पाठवतो."

मग काय! मीही एक सणसणीत ठेवून दिला. साहेबांच्या पाठीत मारायची संधी रोज येत नाही. सुलू खो खो हसत होती. आणि एकदम आवाज थांबला. पडद्यावर नुसती तिच्या खोलीची भिंत.

"अण्णा, लाइन गेली," मेहुणे गॅलरीतून म्हणाले.

अण्णांनी पडद्याकडे पाहिलं. भिंतीच्या कडेला डोळे पुसणाऱ्या हाताची सावली हलत होती. "लाइन सरी आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "ती बोलत नाहीये."

पानं वाढली गेली. अक्कांनी जेवायला हाका मारल्या. अण्णांनी लॅपटॉप वळवून कॅमेरा बाळाकडे केला आणि काही न विचारता शेजारी बसून राहिले, एका हातानं पाळणा हलवत.