देवघरातलं तणनाशक

“माणसाच्या तोंडी जे लावायचं, ते आधी आपल्या जिभेवर ठेवून बघायचं. देवाचं मात्र चाखायचं न्हाय. आणि सोमवारी दिवा लागेपर्यंत तोंडच उघडायचं न्हाय. घर शांत राहतं.”

निंगव्वा सासूबाईंनी नव्या सुनेला उंबऱ्यावरच हे सांगून ठेवलं होतं. निंगव्वांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण महानंदाबाईंच्या कानात तो आवाज अजून ताजा होता. आमटी चाखल्याशिवाय त्यांनी कुणाला वाढली नाही आणि सोमवारचं मौन कधी चुकवलं नाही. त्यात त्यांचा आणखी एक नेम होता. रोज सकाळी वसाहतीच्या विहिरीमागं जायचं, तिथं माजलेल्या रुईची आणि धोत्र्याची फुलं खुडून आणायची, पूजा करायची आणि मगच पाण्याचा घोट घ्यायचा. अंगात ताप असला तरी आधी फुलं, मग गोळी.

त्या वर्षी सोलापुरात काँग्रेस गवताचा कहर झाला होता. विजापूर रस्त्यावरच्या त्या छोट्या वसाहतीत तर माणसं कमी आणि गवत जास्त अशी अवस्था. जो तो अंग खाजवत होता. शेवटी एका रविवारी सकाळी वसाहतीचे चिटणीस शिवलिंगप्पा यांनी विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली सभा बोलावली. शिवलिंगप्पा खतं-बियाणांच्या दुकानात नोकरीला होते, त्यामुळं शेती न करताही त्यांना शेतीतलं सगळं कळत असे.

“आपल्या दुकानात नवं औषध आलंय. नमुन्याची बाटली घरात आणून ठिवलीय. झाकणभर घ्यायचं, बादलीभर पाण्यात घालायचं, फवारायचं. गवत वाळून कोळसा! आणि माणसाला काय बी होत न्हाय.”

“कोण म्हणतंय?” हिंदुराव मास्तरांनी विचारलं.

“कंपनीचा माणूस येतो की दुकानात. त्यो म्हणतोय.”

“विकणारा दुसरं काय म्हणणार? मी पेपरात वाचलंय. परदेशात ह्या औषधांवरनं भांडणं चालल्यात. कोण म्हणतंय डोळ्याला वाईट, कोण म्हणतंय केस जातात.”

“मग तुमचं टक्कल कुठल्या औषधानं पडलं, मास्तर?”

सभा हसली. मास्तरांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, “विषय बदलू नका.”

“आवो, पर माझी म्हस हितंच चरती,” बजाबाई मागून ओरडल्या. “म्हशीला काय झालं तर दूध कोण देनार? कंपनी?”

“म्हशीला न्हाय, माणसाला न्हाय, कुणालाच काय होत न्हाय! साखर बाधंल एकवेळ, पण हे न्हाय बाधायचं!”

तेव्हा एका कडेला बसलेल्या महानंदाबाई काहीतरी बोलल्या. त्यांचा आवाज एवढा मऊ की शेजारच्या बाईलाही तो वाकून ऐकावा लागे.

“काय म्हणता, अक्का?” बजाबाईंनी कान पुढं केला आणि मग सगळ्या सभेला ओरडून सांगितलं, “अक्का इचारत्यात, शिवलिंगप्पा, तुमी चाखून बघितलंय का?”

महानंदाबाईंनी हे अगदी साध्या मनानं विचारलं होतं. आमटीबद्दल विचारावं तसं. पण सभेला तो टोला वाटला. सगळे शिवलिंगप्पांकडं बघायला लागले. मास्तर तर एवढे खूश झाले की त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

“चाखायचं काय त्यात?” शिवलिंगप्पांचा चेहरा लाल झाला होता. “उद्या संध्याकाळी हितंच, समद्यांच्या म्होरं, एक चमचा पिऊन दावतो!”

“मग बाटली तुमच्या घरात राहायची न्हाय,” मास्तर म्हणाले. “आत्ता आणा. महानंदाअक्कांच्या देवघरात ठेवू. तितं कोण लबाडी करतंय?”

शिवलिंगप्पा बाटली आणायला घरी गेले. बाटली आणायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला. घरातून डबे वाजल्याचा आवाज आला. मग ते घाम पुसत आले आणि तपकिरी द्रवानं भरलेली बाटली त्यांनी महानंदाबाईंच्या हवाली केली.

दुपारी सगळी वसाहत झोपली असताना शिवलिंगप्पांच्या पत्नी शांतम्मा डोळे पुसत महानंदाबाईंकडं आल्या.

“अक्का, तुमी इचारलं म्हणून हे इष पिणार बघा. एकदा चारचौघांत बोलले की माघार घेत न्हाईत. गेल्या जत्रंत पैजंवर मिरच्या खाल्ल्या आणि तीन दिवस मला ‘वारा घाल’ म्हणत होते. मी काय करू? देवाला नवस बोलावा म्हटलं, तर डब्यात गुळाचा खडा पण न्हाय. कालच आणलेला, कुटं गेला कुणास ठाऊक!”

शांतम्मा गेल्या आणि महानंदाबाई देवघरासमोर बसून राहिल्या. लिंगाच्या शेजारी ती बाटली. आपल्या जिभेवरून निघालेल्या एका शब्दानं एक संसारी माणूस विष पिणार! समजावून सांगावं, तर तो ऐकायचा नाही. त्याला अडवावं, तर चारचौघांत त्याची मान खाली जायची. खोटं बोलायचं नाही हाही त्यांचा नेम होता. पण उद्या सोमवार. उद्या तर बोलायचंच नव्हतं.

त्यांनी बाटली उचलली. परसात एक खड्डा केला, आतल्या मुंग्यांची हात जोडून क्षमा मागितली आणि बाटली त्यात रिकामी केली. मग राखेनं, चिंचेनं, गरम पाण्यानं ती पुन्हा पुन्हा धुतली. चुलीवर काडेचिराइताचा कडूजहर काढा उकळला. रंग अगदी तसाच आला. सासूबाईंच्या सांगण्याप्रमाणं त्यांनी आधी एक घोट स्वतः घेतला. डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे काढा चांगला झाला होता. बाटली भरून त्यांनी जागच्या जागी ठेवली.

संध्याकाळी परसात बघतात तर खड्ड्याभोवती मुंग्यांची ही गर्दी! एकही मेलेली नाही, उलट घरच्यांना बोलावून आणत होत्या. देवाची लीला, असं मनाशी म्हणून महानंदाबाईंनी हात जोडले.

सोमवारी दिवेलागणीच्या आधी लिंबाखाली लग्नाला जमावी तशी गर्दी जमली. महानंदाबाईंचे यजमान गुरुबसप्पा यांनी बाटली आणि चमचा आणून ठेवला. शिवलिंगप्पा धुतलेला सदरा घालून, कपाळाला भस्म लावून आले. भीतीचा मागमूस नाही. शांतम्मा हुंदके देत होत्या, तर त्यांनाच हसून म्हणाले, “रडतीस काय? एक कशाला, तीन चमचे पितो!”

आणि खरोखरच त्यांनी तीन चमचे एका पेल्यात ओतले आणि सरबत प्यावं तसे घटकन प्यायले.

क्षणभर काहीच झालं नाही. मग त्यांचं तोंड वाकडं झालं. डोळे मोठे झाले. त्यांनी पेल्याकडं पाहिलं, बाटलीकडं पाहिलं, आणि ते मटकन खाली बसले.

“मेलो! मास्तर, मेलो! हे औषधच हाय हो!”

“मग काय उसाचा रस वाटला व्हय?” मास्तर म्हणाले, पण तेही घाबरले होते. “गुरुबसप्पा, डॉक्टर आणा! पळा!”

गुरुबसप्पा पळाले. महानंदाबाई पुढं झाल्या. दिवा लागायला अजून वेळ होता, मौन मोडायचं नव्हतं. त्यांनी आपल्या छातीवर बोट ठेवलं, बाटलीकडं दाखवलं आणि काढा कसा ढवळला ते हातानं करून दाखवलं.

“अक्का म्हणत्यात, अजून पाजा, पर ढवळून पाजा!” बजाबाईंनी अर्थ लावला.

“नको!” शिवलिंगप्पा किंचाळले.

महानंदाबाईंनी जोरजोरानं मान हलवली. मग दुसरा उपाय सुचेना म्हणून त्यांनी बाटली उचलली आणि उरलेला काढा स्वतः घटाघटा पिऊन टाकला.

“आगं बया! अक्का पन गेल्या!” बजाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. “पाप डोक्यावर नको म्हनून प्याल्या, सती माउली!”

आता रडणाऱ्या बायकांचे दोन गट पडले. महानंदाबाई मातीत बसल्या आणि बोटानं अक्षरं काढू लागल्या. पण त्यांची शाळा अक्कलकोटच्या पलीकडची, त्यामुळं लिहिणं कानडीत. सभेत कानडी वाचता येणारी माणसं दोन. त्यातले गुरुबसप्पा डॉक्टरकडं पळालेले, आणि शिवलिंगप्पा डोळे मिटून प्राण जायची वाट बघत पडलेले.

मास्तरांनी ती अक्षरं लांबून निरखली. “मंत्र दिसतोय,” ते हळूच म्हणाले. “शेवटचा असंल. कुणी ओलांडू नका.”

सगळ्यांनी चपला काढून हात जोडले. बजाबाईंनी हळदकुंकू आणायला पाठवलं.

“शांते,” शिवलिंगप्पा डोळे मिटूनच म्हणाले, “अक्का माझ्यासाठी इष प्याल्या गं. अक्का, वाचलो तर तुमच्या देवाला काय बी कमी पडू देणार न्हाय, लिंगाची आण! आणि समद्यांनी ऐका. मी लबाडी केली. बाटलीत मी गुळाचं पाणी भरलं होतं!”

“म्हणजे माझा गूळ!” शांतम्मांचा हुंदका थांबला.

“व्हय. पण देवघरात ठिवली की बाटली! देवाला लबाडी चालती व्हय? देवानंच गुळाचं परत औषध केलं!”

मग कुणीतरी म्हणालं, “चमत्कार!” बजाबाईंनी रिकाम्या बाटलीला हळदकुंकू वाहिलं. मास्तर पेपर वाचणारे, तरी त्यांनीही टोपी काढून बाटलीपुढं डोकं टेकलं.

महानंदाबाई बघत राहिल्या. माणसाची भीती दिवा लागेपर्यंत सोसली असती, आपल्याला सती म्हटलेलंही सोसलं असतं. पण इथं देवाच्या नावावर विष चढत होतं. तेवढं मात्र त्यांना सोसवेना.

“काढा हाय तो,” त्या म्हणाल्या.

त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. कुणालाच ऐकू गेलं नाही.

मग महानंदाबाईंनी डोळे मिटले, मनातल्या मनात सासूबाईंची क्षमा मागितली, आणि त्या वसाहतीनं कधी ऐकला नव्हता असा आवाज काढला.

“उठा, शिवलिंगप्पा! काडेचिराइताचा काढा हाय तो! देवानं न्हाय, मी भरलाय! चाखून भरलाय!”

लिंबावरचे कावळे उडाले. शिवलिंगप्पांनी एक डोळा उघडला, जीभ तोंडात फिरवली, आणि त्यांना लहानपणी तापात हाच काढा पाजणाऱ्या आईची आठवण आली.

“व्हय की,” ते म्हणाले. “चिराईतच.”

तेवढ्यात डॉक्टर आले. मास्तरांनी त्यांना बसवून घेतलं आणि विचारलं, “डॉक्टर, आता तुमीच निकाल द्या. ते तणाचं औषध माणसाला बाधतं की न्हाय?”

डॉक्टरांनी रिकामी बाटली फिरवून बघितली. “खरं सांगू? हे मला कुणी शिकवलं न्हाय. कंपनी एक म्हणती, पेपर एक म्हणतो. हितं लिहिलंय, हाताळल्यावर साबणानं हात धुवा. ज्यानं हात धुवायला पाहिजेत, ते पिऊ नये, एवढं मला कळतं.”

“पन मग खरं औषध गेलं कुटं?” बजाबाईंनी विचारलं.

त्या प्रश्नासरशी शिवलिंगप्पा सदरा झटकत घराकडं निघाले आणि सभा संपली.

मौन मोडल्याबद्दल महानंदाबाईंनी स्वतःलाच शिक्षा दिली. मंगळवारीही मौन धरायचं. गुरुबसप्पांना दोन दिवसांच्या शांततेची सवय होईना.

पुढच्या सोमवारी सकाळी शिवलिंगप्पा दात घासत खिडकीशी उभे होते. विहिरीमागं महानंदाबाई परडी घेऊन उभ्या होत्या. कालपर्यंत त्यांनी कुठूनतरी चार फुलं मिळवली असावीत. आज रुईची पानं पिवळी पडून पिळवटली होती, धोत्रा माना टाकून वाळला होता. कोळसा. कंपनीच्या माणसाचं एक बोलणं तरी अगदी खरं होतं. काँग्रेस गवत मात्र चार हातांवर हिरवंगार डुलत होतं, कारण त्या रविवारी खिडकीतून घाईत रिकामी केलेली बाटली तिथवर पोचलीच नव्हती.

महानंदाबाई वळल्या. त्यांची नजर वाळलेल्या रुईवरून निघून सरळ शिवलिंगप्पांच्या खिडकीवर आली. त्या काहीच बोलल्या नाहीत. सोमवार होता. परडी रिकामी होती, म्हणजे त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. त्या हळूहळू घरी गेल्या.

शिवलिंगप्पांनी चूळ भरली आणि भिंतीला टेकवलेली सायकल बाहेर काढली.

“चहा टाकलाय. कुटं निघाला एवढ्या सकाळी?” शांतम्मांनी विचारलं.

“होटगीच्या वाटंला. रुळाच्या कडंनं रुई लई हाय.”

त्यांनी हँडलला स्वच्छ पिशवी अडकवली. मग काहीतरी आठवून ते परत मोरीत गेले. साबणाची वडी घेतली आणि कोपरापर्यंत हात धुतले. वास घेऊन बघितला, पुन्हा धुतले. आणि घंटी न वाजवता वसाहतीच्या बाहेर पडले.