ठिपकीची वीस बोटं

लेक आठ दिवसांसाठी परगावी निघाली आणि जाताना आपली पाळलेली पाल वडिलांच्या ओटीत घालून गेली.

"बाबा, पाल म्हणायचं नाही. गेको. नाव ठिपकी." तिने काचेच्या पेटीकडे बोट दाखवलं. "या कोपऱ्यात ऊब हवी, दिवसाआड चार किडे, आणि ही ओल्या शेवाळाची डबी. बास."

"चाळीस वर्षं लोकांची घड्याळं सांभाळतोय. तुझी ठिपकी कुठे जाते?"

घड्याळजी दिल्या शब्दाला जागणारे. किडे चिमट्याने मोजून, ठरल्या मिनिटाला. ऊब मोजायला पेटीत तीन तापमापक लावले. तिघांचं एकमत होईना म्हणून चौथा आणला. एवढा काटेकोर माणूस शोधून सापडायचा नाही. चूक झाली ती एकच, आणि तीही फक्त घड्याळजीच करू जाणे. ओल म्हणजे घड्याळाचा वैरी! त्यांनी शेवाळ फेकलं, डबी पुसून कोरडी ठणठणीत केली आणि दुकानातल्या ओल शोषणाऱ्या तीन पुड्या पेटीत ठेवल्या.

पाचव्या दिवशी ठिपकी पांढरीफटक पडली. सहाव्या दिवशी अंगावरची कात कशीबशी निघाली, पण बोटांवरची तशीच आवळून बसली. किड्यांकडे ती ढुंकूनही बघेना.

"अहो, हिचं काही खरं नाही," बायको म्हणाली. "पोरीला काय तोंड दाखवणार?"

घड्याळजींनी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"कात सुटायला ओल लागते. आत ओली डबी आहे ना?"

"होती," घड्याळजी पडेल आवाजात म्हणाले.

"मग ती कात सुकून बोटांचं रक्त थांबवेल, बोटं गळतील. मी आज गावात नाही. कोमट पाण्यात भिजवा आणि हलक्या हाताने सोडवा. ओढलीत तर बोटच हातात येईल."

फोन ठेवून घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, सगळ्यात बारीक चिमटा घेतला. बशीतल्या कोमट पाण्यात भिजवलेली ठिपकी बायकोने ओल्या फडक्यात धरली, स्वतःचे डोळे घट्ट मिटून.

त्या दुपारी तो माणूस खरंच बघण्यासारखा होता. केसाएवढी स्प्रिंग बसवणारा हात, पण इतका हळुवार तो कधी कुठल्या घड्याळापाशीही झाला नसेल. चिमटा टेकवायचा, थांबायचं, पुन्हा एक थेंब पाणी. तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक एकेक बोट मोकळं होत गेलं. तीन तास त्यांनी मान वर केली नाही.

"सतरा," ते पुटपुटले.

"अहो, श्वास घ्या!"

"घेतेय ती."

"तुम्ही घ्या!"

लेक परतली तेव्हा तिच्या खांद्यावरची पिशवी उतरायच्या आत घड्याळजींनी सगळा गुन्हा कबूल केला. ती घाबरून पेटीकडे धावली. वडिलांचंच भिंग लावून तिने चारही पाय तपासले. वीसच्या वीस बोटं जागेवर. ठिपकी ओल्या शेवाळात पसरून आरामात किडा चघळत होती.

"बाबा, कमाल केलीत! चूक तुमची, पण हात सोन्याचे आहेत." तिने डोळे पुसले आणि पेटी उचलायला वाकली. "चला, नेते हिला माझ्या खोलीत."

"थांब." घड्याळजींनी पेटीवर हात ठेवला. "दुरुस्त केलेली वस्तू दोन दिवस नजरेखाली ठेवल्याशिवाय मी देत नाही."

"अहो बाबा, माझी आहे ती!"

"असेल," घड्याळजी म्हणाले. "पावती दाखव."