साळूताईचा भागाकार

एका अणूत एक जंगल होतं. अणूत जंगल कसं मावेल? मावलं बुवा! मध्ये मध्ये बोलायचं नाही.

जंगलाच्या अगदी मधोमध सिंहमहाराज बसत. सगळा धनप्रभार एकट्या त्यांच्याकडे. तिथला कायदा सोपा होता. महाराजांच्या जितकं जवळ, तितका तुमचा विभव, म्हणजे व्होल्टमध्ये मोजायची विजेची पातळी, जास्त. अर्ध्या अंतरावर गेलात की दुप्पट! त्यामुळे जो तो पुढे सरकायचा नि शेजाऱ्याच्या शेपटीवर पाय द्यायचा.

प्रत्येकाचा विभव काढून द्यायची साळूताई साळिंदर. एक पॉइंट चव्वेचाळीसला नॅनोमीटरमधल्या अंतरानं भागायचं, की झाले व्होल्ट. "कोल्होबा, अंतर पॉइंट एक. चौदा पॉइंट चार व्होल्ट. चला, पुढे कोण?" या कामासाठी तिला सरकारी बीळ मिळालं होतं. बिळात तीन पिल्लं.

एक दिवस महाराज म्हणाले, "आता आमचा विभव काढ."

साळूताईनं अंतर मोजलं. शून्य!

"महाराज, शून्यानं भागता येत नाही. जरा सरका ना!"

अगं बाई! खुर्चीवरच्याला सरका म्हणतात का? दरबारातले दोन ससे जागीच बेशुद्ध पडले.

"हाकला हिला!" महाराज गरजले. "हिचा विभव शून्य भरेल तिथं नेऊन सोडा. तसा अहवाल आला की बीळ जप्त!"

साळूताईला बीळ आठवलं. पिल्लांना घेऊन जायचं कुठं? मग तिनं हुकूम मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिला, आणि तिला हसूच फुटलं.

दोन लांडगे तिला घेऊन निघाले. सहा नॅनोमीटरवर थांबले.

"ताई, आलं का शून्य?"

"छे हो! पॉइंट चोवीस."

साठावर थांबले. "आता?"

"पॉइंट शून्य चोवीस. उरलंच की थोडं!"

सहाशेवर लांडग्यांच्या जिभा लोंबायला लागल्या. तिथंही काहीतरी उरलंच.

"हे बघा दादा," साळूताई म्हणाली, "भागाकार मी तुम्हाला शिकवते. तुम्ही व्हा पुढे. शून्य आलं की हाक मारा, मी धावत येते."

लांडग्यांना पटलं. हुकूम म्हणजे हुकूम! साळूताई घरी आली, काटे सांभाळून पिल्लांना कुशीत घेतलं नि ढाराढूर झोपली.

लांडगे अजून चालतायत. अहवाल यायचाय.

तात्पर्य : मुलांनो, गणित मन लावून शिका. बरोबर उत्तर सांगून घर जातं. कधीच न संपणारा भागाकार सरकारच्या गळ्यात घातला, तर ते राहतं.